पडद्यावरची शांतता आणि मैदानावरचं बहिरेपण

शेवटचं षटक. कर्णबधिर गोलंदाज धावत येतो आणि थिएटरातला आवाज एकदम बंद होतो. गलका नाही, ढोल नाही, पडद्यावर फक्त त्याचे डोळे. तीन सेकंदांनी दांडी उडते, आवाज परत येतो आणि कडेला उभा असलेला प्रशिक्षक डोळे पुसतो. प्रसंग अंगावर काटा आणतो. पण बहिरेपणाबद्दल तो जे सांगतो, त्यातलं बरंचसं चुकीचं असतं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये टोकियोत डेफलिंपिक्स झालं. ही कर्णबधिर खेळाडूंची जागतिक स्पर्धा १९२४ साली पॅरिसला सुरू झाली, आणि शंभर वर्षं उलटल्यावरची ही पहिलीच. आपल्या खेळाडूंनी पदकं आणली की 'यांच्यावर पिक्चर निघाला पाहिजे' असं लोक म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात. बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी भागात मराठी, कानडी आणि हिंदी अशा तिन्ही भाषांतले चित्रपट पाहणारा प्रेक्षक आहे. कुस्तीच्या मैदानापासून टेनिस बॉल क्रिकेटपर्यंत खेळाचं वेडही आहे. म्हणून असा चित्रपट पाहताना काय तपासायचं, आणि कुणी काढायला घेतलाच तर काय सांभाळायचं, ते मुळापासून पाहू.

## किती ऐकू येत नाही म्हणजे बहिरा?

आवाजाची ताकद डेसिबलमध्ये मोजतात. कुजबुज साधारण ३० डेसिबल, समोरासमोरचं बोलणं ६० च्या आसपास. कानाची तपासणी करताना आवाज किती वाढवल्यावर माणसाला तो ऐकू येऊ लागतो ते पाहतात. डेफलिंपिक्समध्ये उतरायचं तर जो कान जास्त चांगला आहे त्यातही किमान ५५ डेसिबलचा तोटा असावा लागतो. आपल्याकडचा दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्यात दोन्ही कानांत ७० डेसिबलचा तोटा असेल तर 'बधिर' आणि ६० ते ७० असेल तर 'ऐकू कमी येणारी व्यक्ती' म्हटलं आहे. म्हणजे ५७ डेसिबलचा तोटा असलेली मुलगी टोकियोला धावू शकते, पण कायद्याच्या या दोन्ही व्याख्यांच्या बाहेर राहते.

आता मैदानावर या. पंचाची शिट्टी एक मीटरवर ११० डेसिबल धरू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस मीटर अशा पाच पायऱ्या गेल्या की तीच शिट्टी ८० वर येते. ५७ डेसिबलच्या तोट्याच्या खेळाडूला ती कळेल, ९० च्या तोट्याच्या खेळाडूला नाही. त्यात प्रेक्षकांचा गोंगाट मिसळला तर पहिल्यालाही कळणार नाही. एकाच संघातल्या अकरा कर्णबधिर खेळाडूंचं बहिरेपण अकरा प्रकारचं असू शकतं. चित्रपटात मात्र ते एकाच मापाचं असतं: सगळं बंद.

पूर्ण निःशब्द शांतता अनेकांच्या वाट्याला येतही नाही. कुणाला खालच्या पट्टीतले आवाज थोडे जाणवतात, कुणाच्या कानात दिवसभर गूं गूं चालू असते. जन्मापासून काहीच न ऐकलेल्या माणसाला तर 'शांतता' असं वेगळं काही जाणवत नाही. ज्याने आवाज ऐकलाय त्यालाच त्याची उणीव कळणार. आवाज बंद करण्याची ती युक्ती म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनातली बहिरेपणाची कल्पना आहे.

एक शब्दाचा खुलासा. आपल्याकडे 'मूकबधिर' हा शब्द सर्रास चालतो, आणि कानडीत 'किवुड' (बहिरा) बरोबर 'मूग' (मुका) येतोच. बहुतेक कर्णबधिरांचा कंठ ठणठणीत असतो. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने उच्चार वळणावर येत नाहीत, एवढंच. त्यामुळे नायक हसताना, रागावताना, लागल्यावर ओरडताना तोंडातून चकार आवाज काढत नाही असं दाखवणं खोटं आहे.

## यंत्र लावलं की झालं ना?

चष्मा लावला की अक्षर स्पष्ट होतं. कानाचं यंत्र तसं नसतं. रेडिओ स्टेशन नीट लागलेलं नसताना नुसता आवाज वाढवला तर खरखरही वाढते, तसं ते काम करतं. मैदानात ते आणखी अडचणीचं. घाम आत गेला की बंद पडतं. कानावर हात किंवा दंड दाबला गेला की स्वतःच शिट्टी मारू लागतं, म्हणजे कुस्तीत मान बगलेत सापडली की कानात नुसती किरकिर. डेफलिंपिक्समध्ये तर स्पर्धेच्या वेळी यंत्र आणि कॉक्लिअर इम्प्लांटचा बाहेरचा भाग दोन्ही काढून ठेवावे लागतात.

कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे शस्त्रक्रिया करून आतल्या कानात बसवलेली विजेची तार. ती नसेला थेट संदेश देते. ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी ती चालू करतात, आणि सुरुवातीला ऐकू येतो तो किरकिरा, यांत्रिक आवाज. त्याचा अर्थ लावायला मेंदूला महिनोन्‌महिने सराव लागतो. लहानपणी बसवलं तर फायदा जास्त. तरुण नायकाला पट्टी सोडताच 'आई' ऐकू येते आणि कळते, असा शेवट पाहिलेली कितीतरी घरं नंतर आपल्या मुलाकडून तेच मागतात आणि मूल कमी पडलं असं समजतात. हे नुकसान खरं आहे.

## ओठ वाचून सगळं कळतं?

आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता तीन शब्द उच्चारा: पळ, बळ, मळ. ओठ तिन्ही वेळा अगदी सारखे हलतात. त, थ, द, ध, न यांचीही तीच गत. क, ख, ग, ह तर घशाजवळ होतात, बाहेर दिसतच नाहीत. ओठ वाचणारा माणूस निम्म्याहून अधिक गोष्ट संदर्भाने जुळवत असतो, आणि त्यासाठी ती भाषा त्याला आधी येत असावी लागते.

सीमाभागात इथेच गाठ बसते. घरात आई 'पळ' म्हणते, मैदानावरचे सर 'ओडु' म्हणतात. ऐकणारं पोर खेळता खेळता दोन्ही भाषा उचलतं. जन्मापासून न ऐकणाऱ्या मुलाला दोन भाषांचे ओठ वेगवेगळे शिकावे लागतात, तेही न ऐकता. त्यात प्रशिक्षकाला झुबकेदार मिशी असेल, गालात तंबाखूचा बार असेल किंवा सूर्य त्याच्या पाठीमागे असेल, तर उरलंसुरलंही गेलं. चित्रपटातला नायक मात्र पन्नास मीटरवरून, हेल्मेटच्या जाळीतून अख्खं वाक्य वाचतो.

## हातवारे नव्हेत, भाषा

भारतीय सांकेतिक भाषा ही मराठीची किंवा कानडीची हातांनी केलेली नक्कल नाही. तिला स्वतःचं व्याकरण आहे. प्रश्नार्थक खूण वाक्याच्या शेवटी येते. 'हो की नाही' विचारताना भुवया वर जातात. नकार, जोर, शंका यांतलं बरंच काम चेहरा करतो. दिल्लीतल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राची स्थापना २०१५ ची. त्यांच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द झाले. काही खुणा गावोगावी बदलतात, पण बेळगावचा कर्णबधिर मुलगा कोल्हापूरच्या मुलाशी आणि धारवाडच्या मुलीशी याच भाषेत बोलू शकतो. फलकांवरच्या अक्षरांवरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणाऱ्या या मुलखात ही एक भाषा सीमेवर अडत नाही, आणि माझ्या पाहण्यातल्या कुठल्याही पटकथेला ती अजून दिसली नाही याचं वाईट वाटतं.

दिग्दर्शकासाठी याचा अर्थ अगदी ठोस आहे. संवाद हातांत आणि चेहऱ्यावर असतो, म्हणून चौकट कमरेपासून डोक्याच्या थोडं वरपर्यंत हवी. भावनेच्या भरात कॅमेरा डोळ्यांवर नेला की हात कापले जातात, म्हणजे संवादच कापला जातो. बोलणाऱ्याचं वाक्य चालू असताना ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवायची सवय इथे चालत नाही, कारण वाक्य मधेच तुटतं. अंधारात खुणा दिसत नाहीत, तेव्हा चांदण्यातला लांबलचक संवाद दिव्याशिवाय होऊ शकत नाही. दोन्ही हातांत बादल्या असलेला माणूस गप्पा मारू शकत नाही. यष्टिरक्षकाच्या किंवा मुष्टियोद्ध्याच्या हातमोज्यांत बोटं बंद असतात. दोन फेऱ्यांच्या मधे प्रशिक्षक खुणांनी सांगेल, खेळाडू फक्त मान हलवेल किंवा अख्ख्या हाताची ठरलेली खूण करेल.

## मैदानावर नेमकं काय अडतं?

धावण्याची शर्यत घ्या. पिस्तुलाच्या आवाजाला माणूस साधारण ०.१५ सेकंदात प्रतिसाद देतो, डोळ्यांनी पाहिलेल्या इशाऱ्याला ०.१९ च्या आसपास. फरक ०.०४ सेकंदाचा. सेकंदाला दहा मीटर वेगाने हे अंतर ४० सेंटीमीटर होतं, म्हणजे जवळजवळ हातभर. म्हणून कर्णबधिरांच्या शर्यतीत सगळ्यांनाच दिवे असतात: लाल म्हणजे जागेवर, पिवळा म्हणजे तयार, हिरवा म्हणजे पळा. दिवा जमिनीलगत, धावपटूच्या खाली गेलेल्या नजरेच्या रेषेत ठेवतात. तालुका पातळीच्या शालेय शर्यतीत तो खर्च परवडत नाही, म्हणून झेंडा वापरतात, आणि तो बहुतेक वेळा बाजूला उंच धरतात. तो पाहायला मुलीला मान वर करावी लागते, मान वर झाली की कंबर खाली येते आणि सुरुवात बिघडते. झेंडा पुढे, जमिनीजवळ आणि खाली आणायचा एवढंच करायचं असतं. असं कुणी केलं नाही तर ती शेजारणीचा पाय हलताना पाहून सुटते, आणि दर वेळी उशिरा सुटते. माझ्या मते एका चांगल्या चित्रपटाचा पहिला अर्धा तास या झेंड्यावर उभा राहू शकतो.

क्रिकेटमध्ये अडतं ते हाकेवर. चेंडू फलंदाजाच्या पाठीमागे गेला की धावेचा निर्णय पलीकडचा जोडीदार ओरडून देतो. हाक ऐकू येत नसेल तर मान वळवून त्याचा तळहात पाहावा लागतो, आणि मान वळवण्यात गेलेला क्षण म्हणजे क्रीजबाहेर राहिलेली वीत. उंच झेलाखाली दोघे क्षेत्ररक्षक येतात तेव्हा 'माझा!' ही हाक नसते, म्हणून टक्कर होते, दात आणि बरगड्या जातात. उपाय आधी ठरवायचा: यष्टिरक्षक असेल तर झेल त्याचा, नाहीतर पुढे धावत येणाऱ्याचा. मागे सरकणाऱ्याने सोडायचा. बॅटची हलकी कड लागल्याचा टक आवाज यष्टिरक्षकाला मिळत नाही, चेंडूची बदललेली रेघ पाहूनच दाद मागायची. फुटबॉलमध्ये कर्णबधिरांच्या सामन्यांत पंच शिट्टीबरोबर झेंडाही हलवतो. नेहमीच्या सामन्यात हे आधी सांगितलं नाही, तर शिट्टीनंतर चेंडू मारणाऱ्या पोराला उद्धटपणाबद्दल पिवळं कार्ड मिळतं.

कुस्तीचं सगळ्यात जवळचं. मैदानात वस्ताद कडेला उकिडवा बसून ओरडत असतो: "पट काढ! ढाक लाव की!" कर्णबधिर पैलवानाला हे मिळत नाही, खरं. पण चित्रपटात यावर उपाय म्हणून वस्ताद कडेने खुणा करताना दाखवतात, आणि त्या वेळी पैलवानाचं डोकं प्रतिस्पर्ध्याच्या छातीखाली, तोंड मातीत असतं. तो पाहणार कुठून? खरं शिक्षण आधी झालेलं असतं: अंगाच्या दाबावरून डाव ओळखणं, समोरच्याचं वजन कुठल्या पायावर गेलं ते तळहाताने समजणं. त्यात कर्णबधिर आणि ऐकणारा पैलवान बरोबरीचे असतात. कुस्ती सुटल्याचं मात्र पंचाने हात लावूनच सांगायला हवं, नाहीतर शिट्टीनंतर टाकलेल्या डावावरून भांडण पेटतं.

इथे हादऱ्यांची गोष्टही आली. जमिनीतून पावलांचा हादरा कळून नायक मागचा हल्ला ओळखतो, हे चित्रपटांचं लाडकं दृश्य. लाकडी फळ्यांच्या जमिनीवर ते थोडंफार खरं आहे. तालमीतल्या उकरलेल्या, तेल-ताक घातलेल्या मऊ मातीत हादरा जिरतो. हलगीचं वेगळं. तिचा ठोका हवेतून छातीवर येतो, जवळ असेल तर अनेकांना तो जाणवतो. अमेरिकेत गॅलॉडेट हे कर्णबधिरांचं विद्यापीठ आहे. तिथल्या अमेरिकन फुटबॉल संघाने चाल सुरू करायचा इशारा म्हणून कडेला मोठा ढोल वाजवायची पद्धत ठेवली होती. रिंगण करून, डोकी एकत्र आणून चाल ठरवण्याची रीतही त्यांच्याच संघाने १८९० च्या दशकात रुळवली असं मानतात, कारण समोरच्यांना त्यांच्या खुणा दिसायला नको होत्या. आज टीव्हीवर प्रत्येक संघ तसं रिंगण करतो.

## जिद्दीची गोष्ट सांगितली तर बिघडलं कुठं?

हा आक्षेप रास्त आहे. प्रेरणा घेण्यात वाईट काहीच नाही. प्रश्न आहे तो अडचण कुठे दाखवली याचा. सगळी अडचण कानात दाखवली की उत्तर एकच उरतं: पोराने जास्त मेहनत करावी. झेंडा खाली धरायचा राहिला, बैठकीत दुभाषी नव्हता, पंचाला कुणी सांगितलं नाही, हे सगळं पडद्याबाहेर जातं आणि आपण सगळे सुटतो. व्हीलचेअर वापरणाऱ्या ऑस्ट्रेलियन पत्रकार स्टेला यंग यांनी २०१४ च्या एका भाषणात हेच मांडलं: पायऱ्यांकडे पाहून कितीही हसलं तरी त्यांचा उतार होत नाही.

खऱ्या आयुष्याची पटकथा वीरेंदर सिंग यांच्याकडे आहे. हरियाणाच्या या पैलवानाने डेफलिंपिक्समध्ये २००५, २०१३ आणि २०१७ ला सुवर्ण आणि २००९ ला कांस्य मिळवलं. लोक त्यांना 'गूंगा पैलवान' म्हणतात, नावातच तो शिक्का. २०२१ चा पद्मश्री स्वीकारल्यानंतर लगेच ते पदकं घेऊन दिल्लीतल्या हरियाणा भवनाबाहेर फुटपाथवर बसले. मागणी एकच होती, पॅरा खेळाडूंइतकीच मान्यता कर्णबधिर खेळाडूंनाही द्या. पॅरालिंपिक्समध्ये कर्णबधिरांचा गट नाही. त्यांची संघटना स्वतंत्र आहे आणि १९९५ मध्ये ती पॅरालिंपिक समितीतून बाहेर पडली. बक्षीस आणि नोकरीचे नियम 'ऑलिंपिक' आणि 'पॅरालिंपिक' एवढेच शब्द धरून लिहिले, की हे खेळाडू मधल्या फटीत पडतात. चार पदकांनंतरचा तो फुटपाथ कुठल्याही शेवटच्या षटकापेक्षा मोठा प्रसंग आहे.

## ऐकणाऱ्या नटाने ही भूमिका करू नये का?

नट राजा नसताना राजा होतो, मग बहिरा का नाही, असं विचारतात. फरक दोन गोष्टींत आहे. राजाची भाषा नटाला येत असते, सांकेतिक भाषा येत नसते. तीन महिन्यांत पाठ केलेल्या खुणा कर्णबधिर प्रेक्षकाला पाठांतरासारख्याच दिसतात. आणि दुसरं, कर्णबधिर नटाला ऐकणाऱ्याची भूमिका कुणी देत नाही. त्याच्या वाट्याची मोजकी कामंही गेली तर तो शिकणार कुठे? २००५ च्या 'इक्बाल'मध्ये कर्णबधिर गोलंदाज साकारला तो ऐकू येणाऱ्या श्रेयस तळपदे यांनी. मुख्य प्रवाहात असा नायक आणल्याचं श्रेय त्या चित्रपटाला आहेच. २०१० च्या 'हॅमिल' या अमेरिकन चित्रपटात मात्र कर्णबधिर पैलवानाची भूमिका कर्णबधिर नट रसेल हार्वर्ड यांनी केली. लेखक-निर्माता आधी स्वतःच ती करणार होता. कर्णबधिरांनी आक्षेप घेतल्यावर तो बाजूला झाला.

'तसा नट मिळत नाही' हे म्हणण्याआधी काय लागतं ते पाहा. निवडीची जाहिरात सांकेतिक भाषेतल्या व्हिडिओने द्यायची. सेटवर दोन दुभाषी, कारण वीस-तीस मिनिटांत एकाचे हात आणि डोकं थकतं. शिवाय एक कर्णबधिर सल्लागार, जो मॉनिटरसमोर बसून खूण चुकली तर शॉट थांबवू शकेल. दुभाष्यालाच सल्लागार करणं ही नेहमीची चूक आहे. 'अॅक्शन' ओरडण्याऐवजी नटाच्या नजरेच्या टप्प्यात एक छोटा दिवा. एवढ्याने बजेट कोसळत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ च्या निकालात दिव्यांगांच्या चित्रणाची दिशा आखून दिली आहे: हिणवणारे शब्द टाळा, वैद्यकीय माहिती अचूक ठेवा आणि ज्यांच्याबद्दल बोलता त्यांना प्रक्रियेत घ्या. तोच निकाल दिव्यांगांना हिणवणारा विनोद आणि त्यांच्या अनुभवातून येणारा विनोद यांत फरक करतो, म्हणजे कर्णबधिर पात्र हसवूही शकतं.

## आणि थिएटरात कर्णबधिर बसले तर?

केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये चित्रपट सुगम, म्हणजे दिव्यांगांनाही समजतील असे, करण्याची नियमावली काढली. एकापेक्षा जास्त भाषांत प्रमाणपत्र घेणाऱ्या चित्रपटांना सहा महिने, बाकीच्यांना दोन वर्षं मुदत दिली. नुसतं संवादाचं भाषांतर पुरत नाही. 'हलगी वाजते', 'मागून शिट्टी', 'गर्दी नायकाचं नाव घेते' हेही पडद्याखालच्या अक्षरांच्या पट्टीवर (सबटायटल) यायला हवं, आणि ओळ नीट वाचून होईपर्यंत टिकायला हवी. तांबड्या मातीवर किंवा पांढऱ्या कपड्यांवर पांढरी अक्षरं हरवतात, म्हणून अक्षरांमागे काळा रंग लागतो. बेळगावात पट्टी कुठल्या भाषेत, हा प्रश्न उरतोच. कुणी मराठी शाळेत शिकलेला असतो, कुणी कानडी. बऱ्याच कर्णबधिरांना लिखित भाषा उशिरा भेटलेली असते, त्यांना दोन्ही जड जातात. त्यांच्यासाठी कोपऱ्यातल्या चौकटीत सांकेतिक भाषेतला अनुवाद हवा.

आणि शेवटच्या षटकात आवाज बंद होतो तो क्षण. कर्णबधिर प्रेक्षकासाठी तिथे काहीच घडत नाही. आधीचं चित्र चालू होतं, तेच पुढे चालतं. शेजारची रांग श्वास का रोखून बसली आहे ते त्याला कळत नाही. पट्टीवर 'आवाज थांबतो' एवढं लिहिलं तर निदान माहिती मिळते. तो क्षण त्यालाही भिडायचा असेल तर दिग्दर्शकाला तो डोळ्यांसाठी रचावा लागेल: उजेड बदलून किंवा हालचाल मंद करून.